२०१७ चा लॅपटॉप ठेवायचा की काढायचा? (विंडोज १० बंद, रॅम महाग; धागा डिसेंबर २०२५ चा)

मनीषनगरवाली
नमस्कार मंडळी. घरी २०१७ चा लॅपटॉप आहे, आय५ सातव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, आत जुनी फिरती हार्ड डिस्क. यांच्या ऑफिसच्या कामाला घेतला होता, आता मुलगी वापरते, ती सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. चालू व्हायला इतका वेळ लावतो की ती बटन दाबून चहा ठेवायला जाते. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि स्क्रीनवर सारखं येऊन राहिलं की तुमच्या मशीनवर विंडोज ११ चालणार नाही.
एका दुकानात नेला तर त्या माणसानं उघडूनसुद्धा पाहिला नाही, म्हणाला मॅडम भंगारात द्या, नवीन घ्या. नवीन बघायला गेलो तर दिवाळीत पाहिलेलंच मॉडेल आता महाग. विचारलं का, तर म्हणे रॅम महागली.
स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, काही तुटलेलं नाही. कंपनीनं एक तारीख ठरवली म्हणून चालतं मशीन भंगार होतं हे मला पटतच नाही. पण पोरीचा अभ्यासही अडायला नको. काय करावं?

तर्री_पोहे
ताई, दुकानदारानं न उघडता भंगार सांगितलं ना, तर दुकान बदला, लॅपटॉप नका बदलू.

जुना_हॉस्टेलर
विंडोज काढून लिनक्स मिंट टाका, फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम. विषय संपला.

इतवारीवाला
आला लिनक्सवाला 😄 कोणत्याही धाग्यावर पहिल्या पाचात असतोच.

जुना_हॉस्टेलर
@इतवारीवाला भाऊ, मी मनापासून सांगून राहिलो. माझ्या आईच्या जुन्या लॅपटॉपवर मिंट आहे, ती त्यावर यूट्यूब बघते, बँकेचं करते, मराठीत टाइप करते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, फुकट. आणि आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, लॅपटॉपमधलं काही न पुसता. वायफाय लागतं का, आवाज येतो का, सगळं तपासा, नाही आवडलं तर पेन ड्राइव्ह काढा, विंडोज जिथल्या तिथे.

इतवारीवाला
आमच्या पेढीवर टॅली आहे, ते लिनक्सवर सरळ चालत नाही. डिजिटल सहीचं टोकन लावायचं तर त्याच्या ड्रायव्हरची वेगळी कटकट. आईच्या यूट्यूबला ठीक आहे, पण धंद्यावाल्याला विंडोज सोडता येत नाही, हे एकदा मान्य करा.

महालची_डीटीपीवाली
इतवारीवाल्यांना +१. माझ्याकडे लग्नपत्रिका आणि पुस्तिकांची कामं असतात. सगळ्या जुन्या फायली श्रीलिपीच्या फॉन्टमधल्या, युनिकोडच्या आधीच्या. कोरल ड्रॉ लिनक्सवर चालत नाही. या फायली दुसरीकडे उघडल्या की जोडाक्षरं फुटतात आणि वधूच्या वडिलांचं नाव काहीच्या काही दिसतं. म्हणून मी एक जुनं मशीन नेट काढून तसंच ठेवलंय, फक्त त्या फायलींसाठी. ज्या मशीनवर बँक आणि मेल आहे ते अपडेट होणारंच हवं, त्यात तडजोड करू नका.

मिहान_नाइटशिफ्ट
लिनक्सच्या आधी एक सोपी गोष्ट सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना माहीतच नाही. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडणार असं नाही, सुरक्षेचे नवीन पॅच येणं थांबणार. आणि घरगुती वापरणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टनं एक वर्ष वाढवून दिलंय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्याला ईएसयू म्हणतात. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती २२एच२ असेल, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट असेल आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसेही लागत नाहीत. बॅकअप नको असेल तर ३० डॉलर. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचा पर्याय दिसतो. आज रात्री बसा, काम होऊन जाईल.

मनीषनगरवाली
@मिहान_नाइटशिफ्ट हे त्या दुकानदारानं सांगितलंच नाही! बघते लगेच.

बजाजनगरचे_काका
एक शंका. सातव्या पिढीचा प्रोसेसर इतका वाईट आहे का की विंडोज ११ त्याला झेपत नाही? माझ्या समजुतीप्रमाणे वेगाचा प्रश्न नाही.

मिहान_नाइटशिफ्ट
नाही काका, वेगाचा नाहीच. कागदावरची अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा एवढीच आहे. अडतं दोन ठिकाणी. एक म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, जी सातव्या पिढीच्या पुष्कळ मशीनमध्ये आहेसुद्धा. दुसरी म्हणजे प्रोसेसरची यादी, ती इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. गंमत अशी की सातव्या पिढीतला आय७-७८२०एचक्यू नंतर त्या यादीत घेतला, आणि तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ मध्ये होता.

बजाजनगरचे_काका
म्हणजे स्वतःचं मशीन आलं की यादीला दार. इतरांनी रांगेत उभं राहायचं. हे काही बरोबर नाही.

तर्री_पोहे
काहून चिडता काका, प्रेशर वाढन 😀 पण गोठ खरी हाय तुमची.

रविनगर_गेमर
रुफस नावाच्या टूलनं पेन ड्राइव्ह बनवा, अटी बायपास होतात, विंडोज ११ टाका. माझ्या भावाचं सहाव्या पिढीचं मशीन मस्त चालू आहे.

मिहान_नाइटशिफ्ट
चालतं, पण कंपनी त्याची हमी देत नाही. उद्या मोठा अपडेट आला आणि बसला नाही तर विचारायचं कोणाला? परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरीचं मशीन अडलं तर? स्वतःच्या मशीनवर करून बघायला हरकत नाही, दुसऱ्याच्या पोरीच्या अभ्यासाच्या मशीनवर मी तरी सुचवणार नाही.

बर्डीचा_कारागीर
ताई, मी बर्डीत, म्हणजे सीताबर्डीत, रिपेअरिंगचं काम करतो, म्हणून जरा मोठं लिहितो.
तुमच्या लॅपटॉपचा आजार विंडोज नाही, ती फिरती हार्ड डिस्क आहे. टास्क मॅनेजर उघडा, चालू झाल्या झाल्या डिस्क १०० टक्के दिसते का पाहा. दिसत असेल तर एसएसडी म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क टाका, २.५ इंची साटावाली, बाकी काही नको. तोच प्रोसेसर, तीच रॅम, आणि पोरगी चहा ठेवायला उठायच्या आत मशीन चालू होईल. गिऱ्हाईक परत येऊन विचारते, दादा प्रोसेसर बदलला का.
दुसरं म्हणजे पंखा. नागपुरात आपण चार महिने कूलरच्या वाऱ्यात बसतो. ती ओली हवा आणि धूळ लॅपटॉप आत ओढते, आणि पंख्याच्या पुढे जी तांब्याची बारीक जाळी असते तिच्यावर थर बसतो. मी पंखा काढतो तेव्हा वरून सगळं साफ दिसते, पंखा फिरून राहिला, हवाही निघून राहिली थोडी. पंखा उचलला की मागे करडी पट्टी, चिमट्यानं एक टोक धरलं की अख्खी पट्टी जाळीच्या लांबीएवढी निघते. इतक्या वर्षांत कोणी उघडलंच नसते. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी भुरभुरते. मशीन गरम झालं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करते, आणि मालक म्हणते जुना झाला.
साफसफाई, पेस्ट, एसएसडी. एवढं केल्यावरही स्लो वाटला तर मग नवीनचा विचार करा. आणि टचपॅड वर उचललेला वाटतो का ते पाहा. वाटत असेल तर चार्जिंगला लावू नका, खाली बॅटरी फुगलेली असू शकते.

मनीषनगरवाली
@बर्डीचा_कारागीर दादा, डिस्क १०० टक्केच दाखवते! आणि टचपॅडचं डावं बटन काही दिवसांपासून नीट दबत नाही. मला वाटलं बटन गेलं.

बर्डीचा_कारागीर
बटन नाही गेलं ताई. चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबून बघू नका. या आठवड्यात घेऊन या.

तर्री_पोहे
विधिमंडळाचं अधिवेशन चालू हाय, झिरो माइलकून येऊ नका, मोर्चेच मोर्चे. मेट्रोनं या, जयप्रकाश नगरहून सरळ सीताबर्डी.

पुण्यातला_नागपूरकर
बॅटरीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. आपल्याकडे उन्हाळ्यात फोन, लॅपटॉप, पॉवर बँक सगळ्यांचेच हाल होतात. ॲपल स्वतः सांगतं की आयफोन ० ते ३५ अंशांत वापरा, त्यावर बॅटरीची क्षमता कायमची कमी होऊ शकते. ३५! नागपुरात एप्रिल-मेमध्ये ३५ कधी असतं, पहाटे? २३ मे २०१३ ला ४७.९ गेलं होतं. आणि लोक फोन स्कूटीच्या हँडलला लावून भर दुपारी वर्धा रोडनं जातात, वर चार्जिंगही चालू.

रविनगर_गेमर
५६ पण गेलं होतं ना मागे? मे २०२४.

पुण्यातला_नागपूरकर
नाही रे, ते रामदासपेठेतल्या ऑटोमॅटिक केंद्रानं दाखवलं होतं, नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. देशभर बातमी झाली, पुण्यातून ऑफिसचे लोक मला फोन करून घरचे बरे आहेत का विचारत होते.

तर्री_पोहे
सेन्सरचा काय दोष, तो बी नागपूरचा, उन्हातान्हात उभा होता बिचारा.

बजाजनगरचे_काका
मूळ प्रश्न असा पडतो की बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे हे सगळ्यांना माहीत असताना ती चिकटवून का टाकतात? आमच्या जुन्या फोनचं मागचं झाकण नखानं निघायचं, बॅटरी बदलली की फोन नवा.

पुण्यातला_नागपूरकर
पातळ बनवायला, पाणी आत जाऊ नये म्हणून, अशी कारणं देतात, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण युरोपनं आता कायदा केलाय काका. २० जून २०२५ पासून तिथे विकायला येणाऱ्या फोनची बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता धरून राहिली पाहिजे, मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि निदान ५ वर्षं सॉफ्टवेअर अपडेट. फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः बॅटरी बदलता आली पाहिजे असाही नियम येतोय, त्यात काही सवलती आहेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि कंपनीला भाग द्यायला भाग पाडणारा कायदा वेगळा. तो इथेही यायला पाहिजे.

बर्डीचा_कारागीर
हे फार मनातलं बोललात. आम्हाला कंपनी सर्किटचा नकाशा देत नाही. मदरबोर्ड शॉर्टिंगमध्ये आला तर स्कीमॅटिक नेटवर कोणीतरी टाकलेला शोधावा लागते, मिळाला तर नशीब. शंभर-दोनशेचा पार्ट उडालेला असते आणि मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये पूर्ण बोर्ड बदला म्हणून सांगतात, बोर्डची किंमत ऐकून माणूस मशीनच सोडून देते. आम्ही मायक्रोस्कोपखाली तो एक पार्ट काढून नवीन लावतो. हे काम शिकलेली बर्डीत पुष्कळ पोरं आहेत, त्यांना कागद आणि भाग मिळाले तर किती मशीन वाचतील.
आता नवीन पातळ लॅपटॉपमध्ये रॅमपण बोर्डवरच चिकटवून येऊन राहिली. म्हणजे घेताना ८ जीबी घेतली तर जन्मभर ८ जीबी. नवीन घेणाऱ्यांनी दुकानात एवढं नक्की विचारा की रॅमचा स्लॉट आहे का.

इतवारीवाला
रॅमवरून आठवलं, ही रॅम एवढी महाग काहून झाली? पेढीवरच्या कॉम्प्युटरला लावायची म्हणून सप्टेंबरमध्ये भाव काढला होता, आता दुपटीच्या वर सांगतात. सोनं झालं का?

मिहान_नाइटशिफ्ट
भाऊ, जगात रॅमच्या चिप मोठ्या प्रमाणात बनवणारे मुख्य तीन. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरमध्ये जे कार्ड लागतात त्यांना एचबीएम नावाची वेगळी मेमरी लागते, आणि तेवढ्याच जीबीला साध्या रॅमपेक्षा साधारण तिप्पट वेफर, म्हणजे ज्यावर चिप छापतात ती सिलिकॉनची चकती, खर्च होतो. नफा तिकडे जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळले. १ ऑक्टोबर २०२५ ला चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं सॅमसंग आणि हायनिक्सबरोबर प्राथमिक करार जाहीर केला, त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतची गोष्ट होती. आणि ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉननं सांगून टाकलं की क्रुशियल हा ग्राहकांचा ब्रँड बंद करतोय, फेब्रुवारी २०२६ पर्यंत माल देऊ. त्यात डीडीआर४ ही जुन्या पिढीची रॅम बनवणं सगळेच कमी करत होते, म्हणून जुन्या मशीनवाल्यांना दोन्हीकडून मार.

इतवारीवाला
पण मायक्रॉनची फॅक्टरी गुजरातेत साणंदला येऊन राहिली ना? मग आपल्याला स्वस्त पडायला पाहिजे.

मिहान_नाइटशिफ्ट
साणंदला चिप छापत नाहीत, बाहेरून आलेल्या वेफरच्या चिप कापून, पॅक करून, तपासायचं काम आहे. रोजगार चांगला मिळेल, पण रॅमचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. धान्याचा तुमच्या बाजारात ठरतो तसा नाही.

इतवारीवाला
धान्याचा पण आता आमच्या हातात कुठे राहिला बावा.

जुना_हॉस्टेलर
म्हणजे बघा, एआयमुळे रॅम महाग, आणि एआयमुळेच नोकऱ्यांची धास्ती. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं २ टक्के म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करणार सांगितलं. मिहानमध्ये, आपल्या नागपूरच्या आयटी कंपन्यांच्या भागात, काय वातावरण आहे?

मिहान_नाइटशिफ्ट
माझ्या कंपनीचं नाव घेणार नाही, पण काळजी सगळ्यांनाच आहे. कॅन्टीनमध्ये पूर्वी कोण पुण्या-बेंगळुरूला चाललं यावर गप्पा व्हायच्या, आता कोणत्या प्रोजेक्टवर नवीन माणूस घेत नाहीत यावर होतात. मी स्वतः एआय टूल रोज वापरतो, टेस्ट केस लिहायला, जुना कोड समजून घ्यायला, चांगली मदत होते. पण जे काम नवीन पोरांना शिकायला म्हणून द्यायचो तेच काम हे टूल करतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती पोरं शिकणार कुठे? नागपुरात मिहान आलं तेव्हा आईबापांना वाटलं होतं की आता पोरं घरून डबा घेऊन नोकरीला जातील. ते टिकायला पाहिजे.

बर्डीचा_कारागीर
दादा, आमच्याकडे पाठवा दोन-चार. मायक्रोस्कोपखाली आयसी बसवायचं काम अजून एआयला जमत नाही 🙏 आणि मी हे गंमत म्हणून लिहीत नाही, चांगल्या हाताची खरंच गरज आहे.

संपादक
धागा छान चालू आहे. नोकऱ्यांवर वेगळा धागा काढावा, तो महत्त्वाचा विषय आहे. इथे मनीषनगरवालींच्या लॅपटॉपवर या.

महालची_डीटीपीवाली
मी येते. कोणी विचारलंच नाही की मुलगी सिव्हिलला आहे, म्हणजे नकाशे काढायचं ऑटोकॅड सॉफ्टवेअर लागणार. ते लिनक्सवर चालत नाही. म्हणून मिंट हे मुख्य उत्तर होऊ शकत नाही, हॉस्टेलर दादा.

जुना_हॉस्टेलर
ऑटोकॅडचं मान्य. पण पहिल्या वर्षी सी किंवा पायथन असतं, ते लिनक्सवर उत्तम शिकता येतं. दोन्ही ठेवा, चालू होताना विचारेल कोणतं हवं.

विदर्भ_सिव्हिल
सिव्हिलवाला बोलतो. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड फुकट देतं, कॉलेजचा पुरावा लागतो, चोरीचं टाकू नका, त्यातूनच व्हायरस येतात. ऑटोकॅड २०२६ ला किमान ८ जीबी रॅम सांगितलीय आणि विंडोज १० वर चालतं. घराचा प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, एवढ्या टूडी कामाला ताईंचा लॅपटॉप एसएसडी टाकल्यावर पुरेल. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोठं थ्रीडी, रेव्हिट वगैरे आलं तर नवीन लागेलच. आज घाईनं चिकटवलेल्या ८ जीबीचा नवा घेतला तर तेव्हा तोही अपुरा पडेल. म्हणून आत्ता थांबा.

बजाजनगरचे_काका
माझं थोडं वेगळं मत. ऑक्टोबर २०२६ नंतर पुन्हा हाच प्रश्न येणार, आणि तोवर रॅम स्वस्त होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. बॅटरी, एसएसडी, साफसफाई, सगळं मिळून खर्च नव्याच्या चौथाईच्या वर जात असेल तर मी नवीन घेईन. जाऊन आधी आकडा काढा, मग ठरवा.

बर्डीचा_कारागीर
काका, चौथाईच्या आत बसवतो. तिथे गेलाच तर मीच सांगीन की ताई नका करू.

मनीषनगरवाली
मंडळी, जाऊन आले. बॅटरी फुगलेलीच होती, दादांनी काढून दाखवली, मधून उशीसारखी वर आली होती, पोरगी बघूनच घाबरली. ती बदलली, एसएसडी टाकली, आणि ती जाळीवरची करडी पट्टी खरंच अख्खी निघाली, मी फोटो काढला. खर्च काकांच्या हिशोबात बसला. विंडोजची वर्षभराची नोंदणी मुलीनं घरी येऊन केली, आता अपडेट येऊन राहिले. मिंट पेन ड्राइव्हवर टाकून ती स्वतःच बघते म्हणाली, हॉस्टेलर दादांना धन्यवाद. काका, ऑक्टोबरचा प्रश्न खराच आहे, पण तेव्हा तिच्या कामाला नेमकं काय लागतं हे तरी कळलेलं असेल.
एक विचारायचं राहिलं. जुनी हार्ड डिस्क दादांनी केसिंगमध्ये घालून दिली, त्यात आमचे सगळे जुने फोटो आहेत. ती तशीच कपाटात ठेवली तर चालेल का? आणि फुगलेल्या बॅटरीचं काय करता तुम्ही?

बर्डीचा_कारागीर
बॅटरी माझ्याकडेच राहू द्या, कचऱ्याच्या गाडीत टाकायची नसते, दाबली गेली तर पेटते. मी वेगळी ठेवतो आणि ई-कचऱ्यावाल्याला देतो. हार्ड डिस्कवरचे फोटो आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या, या सुट्टीतच. चालवताना टक टक आवाज यायला लागला तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका, लगेच काढून माझ्याकडे आणा.